गंगेवर साडेतीन तास : नाशिकचा गोदाघाट गाईडसोबत पायी कसा पाहावा

नाशिककर सहसा गोदावरी म्हणत नाहीत. 'जरा गंगेवर जाऊन येतो' असे म्हणतात, आणि बाहेरून आलेल्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. गाईड 'गंगेच्या अलीकडे', 'गंगेच्या पलीकडे' म्हणू लागला की अलीकडे म्हणजे जुने नाशिक गाव आणि पलीकडे म्हणजे पंचवटी, एवढे आधी डोक्यात बसवून घ्यावे. पुढचे साडेतीन तास याच दोन काठांवर जायचे आहेत.

अंतर फार नाही. होळकर पुलापासून सरकारवाड्यापर्यंत, काळारामाचा फेरा धरून, अडीच-तीन किलोमीटर चालणे होते. दमछाक होते ती पायऱ्यांनी, पुन्हापुन्हा चपला काढण्याने आणि कानावर आदळणाऱ्या माहितीने. म्हणून चालण्यापेक्षा ऐकण्याची तयारी जास्त करावी लागते.

निघण्याआधी तीन थर समजून घ्या

घाटावर दिसणारा बहुतेक घडीव दगड साधारण १७४० ते १७९० या पन्नास वर्षांतला, पेशवाईतला आहे. तो बांधणारे सरदार, दिवाण आणि मोहिमांतून पैसा मिळवलेली माणसे होती. त्याआधी मुघल अमलात या गावाचे नाव गुलशनाबाद होते. त्याच्याही खालचा थर घाटावर दिसत नाही. तो गावाच्या काठावरच्या मातीच्या गढीत आहे. लोक तिला काझीची गढी म्हणतात. तिथे १९५०-५१ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, तेव्हा वस्तीचा माग थेट ताम्रपाषाण काळापर्यंत गेला. दगडावर कोरलेले 'नासिक' हवे असेल तर घाटावर शोधू नका. ते शहराच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर पांडवलेण्यात, चैत्यगृहाच्या दारावर आहे. नासिकच्या लोकांनी धंभिक गाव दान दिल्याचा तो लेख आहे.

चौथी गोष्ट थरात बसत नाही, पण सगळ्यांत मोठ्याने ऐकू येते. ती म्हणजे रामायण. पाच वड म्हणून पंचवटी, शूर्पणखेचे नाक कापले म्हणून नाशिक, सीतागुंफा, तपोवन. कथा ऐकायला हरकत नाही, ऐकाव्याच, कारण त्या कथांमुळेच इथे पैसा आणि माणूस आला आणि घाट बांधले गेले. मात्र गाईडने कथा कुठे संपते आणि नोंद कुठून सुरू होते हे सांगायला हवे. ते न सांगणाऱ्यासोबत फेरी केली तर देवदर्शन होईल, शहराचा इतिहास हाती लागणार नाही.

गाईड कसा निवडावा

रामकुंडाच्या आसपास तीन प्रकारची माणसे 'दाखवतो' म्हणून पुढे येतात. पहिला रिक्षावाला. त्याचे 'पंचवटी दर्शन' ठरलेले असते : काळाराम, सीतागुंफा, तपोवन आणि परत. वेळ कमी असेल तर ते ठीक आहे, पण तो घाटावर थांबत नाही, कारण थांबणे त्याला परवडत नाही. दुसरे तीर्थपुरोहित किंवा त्यांचा माणूस. त्यांचे काम विधीचे, माहिती त्या ओघात येईल तेवढी. तिसरा हेरिटेज वॉक घेणारा अभ्यासक, वास्तुरचनाकार किंवा इतिहासाचा शिक्षक. आपल्याला हा तिसरा हवा. तो घाटावर उभा राहून गिऱ्हाईक शोधत नाही, आधी ठरवावा लागतो. शहरातले इतिहासप्रेमी गट, वास्तुकला महाविद्यालये आणि जुन्या ग्रंथालयांत चौकशी केली की नाव मिळते.

ठरवण्याआधी फोनवर पाच मिनिटे बोला आणि हे तीन प्रश्न विचारा.

नारोशंकराच्या देवळातली घंटा कुठून आली? 'वसईहून, पोर्तुगीजांच्या चर्चमधली' एवढे तरी उत्तर यायला हवे.

काळारामाच्या देवळाबद्दल काय सांगाल? बांधणारा, साल आणि दगड सांगून तो थांबला आणि १९३० चा सत्याग्रह त्याने स्वतःहून काढलाच नाही, तर दुसरा गाईड बघा. या देवळाचा अर्धा इतिहास त्या वर्षाचा आहे.

पावसाळ्यात रस्ता बदलता का? 'नाही, आपण नेहमी असेच जातो' म्हणणारा माणूस नदी ओळखत नाही.

बोलताना बाकीचेही ठरवून टाका : मानधन माणशी की गटाचे, किती तास, किती थांबे, भाषा कोणती, पाऊस किंवा पूर आला तर काय. गट बारा-पंधरापेक्षा मोठा नको. घाटावर ध्वनिक्षेपक, घंटा आणि गाड्या असा तिहेरी गोंगाट असतो, त्यामुळे सोळाव्या माणसाला काही ऐकू जात नाही आणि तो मागे फोटो काढत राहतो. मोठा गट असेल तर दोन गाईड घ्या आणि वीस मिनिटांच्या अंतराने निघा.

दिवस आणि वेळ

उन्हाळ्यात सकाळी साडेसहा, थंडीत सात. याचे कारण ऊन नव्हे, गर्दी. नऊनंतर रामकुंडावर बसगाड्यांतून उतरलेली माणसे भरतात आणि गाईडला एका जागी दहा मिनिटे उभे राहू देत नाहीत. साडेसहाला निघालात तर दहाच्या सुमारास सरकारवाड्यापाशी पोचता, आणि तिथले सरकारी संग्रहालय उघडायची वेळही साधारण तीच.

बुधवार टाळा. त्या दिवशी गंगेवर आठवडे बाजार भरतो. भाजी, कांदे, मिरची, प्लास्टिकच्या बादल्या, सगळे काठावर येते. बाजार बघायला आलात तर उत्तम दिवस, देवळांची जोती बघायला आलात तर वाया गेलेला. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला कपालेश्वर, रामनवमीला काळाराम, पितृपक्षात आणि अमावास्येला रामकुंड, या जोड्या लक्षात ठेवा आणि ते दिवस सोडा.

सिंहस्थाचा हिशेबही आता ठेवावा लागतो. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला जाहीर झालेले आहे. त्याच्या आधी घाटांची कामे आणि नंतर बंदोबस्त, म्हणजे नेहमीचा रस्ता बंद सापडण्याची शक्यता मोठी. आदल्या दिवशी गाईडला एकदा घाटावर चक्कर मारायला सांगा. चांगला गाईड ती न सांगता मारतो.

जून ते सप्टेंबर वेगळे नियम. शहराच्या वर गंगापूर धरण आहे. ते भरत आले की विसर्ग सुरू होतो आणि काही तासांत रामकुंडाचे पाणी चढते. शहरात ऊन असतानाही हे होऊ शकते, कारण पाऊस त्र्यंबकच्या डोंगरात पडलेला असतो. सकाळच्या बातम्यांत 'गंगापूरमधून इतके क्युसेक' असे ऐकले की खालचा घाट विसरा. फेरी पुलावरून आणि वरच्या गल्ल्यांतून करा. पूर ओसरल्यावरही चार-आठ दिवस पायऱ्यांवर गाळाचा बारीक थर राहतो. दिसायला तो वाळलेला असतो, पण पाय ठेवला की सरकतो. घाटावर माणसे पडतात ती बहुधा अशा दिवसांत, पुरात नव्हे.

सोबत काय घ्यावे

चपला किंवा सँडल, जे अडीच सेकंदांत काढता येईल. बुटांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात चार देवळांत मिळून अर्धा तास जातो. एक कापडी पिशवी, म्हणजे चपला हातात घेऊन एका दाराने शिरून दुसऱ्याने बाहेर पडता येते. लिटरभर पाणी, टोपी, दहा-वीसच्या नोटा. शिखरावरचे कोरीवकाम पाहायला लहान दुर्बीण असेल तर नारोशंकरावर तिचा पैसा वसूल होतो. नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघा, तोही बरा.

होळकर पूल आणि सुंदरनारायण : पाऊण तास

फेरी पुलावरूनच सुरू करायला सांगा, रामकुंडावरून नव्हे. बहुतेक गाईड रामकुंडावर भेटायला बोलावतात, कारण ती जागा सापडायला सोपी. पण तिथे उभे राहून नदीचा आकार कळत नाही. अहिल्याबाई होळकर पूल, म्हणजे इंग्रजी अमदानीतला व्हिक्टोरिया पूल, हा या सगळ्या पटाचा सज्जा आहे. गावाच्या टोकाशी थांबून प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करा. पश्चिमेकडून आलेली गोदावरी इथे दक्षिणेला वळते. दक्षिणवाहिनी पाण्याला तीर्थ म्हणून जास्त मान, म्हणून कुंडे, देवळे आणि दहनाची जागा याच वळणावर एकवटली. शहर नदीकाठी असते हे सगळेच सांगतात. ते नदीच्या नेमक्या कोणत्या वळणावर आहे आणि का, हे इथे उभे राहून कळते.

याच पुलावरून प्रकाशाचाही अंदाज घ्या. डाव्या हाताला पंचवटी, म्हणजे सूर्य तिकडून वर येणार. सकाळी नारोशंकराचा फोटो गावाच्या काठावरून काढलात तर काळी आकृती मिळेल. त्यासाठी संध्याकाळी चारनंतर परत या.

पुलाच्या गावाकडच्या टोकाला सुंदरनारायण. हे देऊळ १७५६ मध्ये गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधले. इतिहासात ते गंगोबातात्या म्हणून भेटतात, होळकरांचे दिवाण. २१ मार्चच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण मूर्तीवर पडतात, हे गाईड सांगेलच. तुम्ही दगड बघा. काळा बसाल्ट टिकाऊ असतो, ही अर्धी गोष्ट. त्यातली काही जात सच्छिद्र असते. तिच्यात पाणी मुरत राहते, पापुद्रे सुटतात आणि कोरीवकाम चेहऱ्यापासून झिजत जाते. या देवळाची झीज इतकी झाली की राज्याच्या पुरातत्त्व विभागाला बराच दगड उतरवून नवा घडवून बसवावा लागला. जुना आणि नवा दगड शेजारी-शेजारी कुठे आहेत ते दाखवायला सांगा. रंग, कडांची धार आणि छिन्नीच्या खुणा यांवरून पाच मिनिटांत डोळा तयार होतो, आणि तो पुढे प्रत्येक देवळात उपयोगी पडतो.

रामकुंड

पूल ओलांडून पंचवटीच्या काठाने खाली उतरा. कुंड साधारण २७ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. बांधल्याची नोंद १६९६ ची आहे, म्हणजे गाव गुलशनाबाद असतानाची. घाटावरचे सगळेच पेशवाईतले नाही, हे पडताळायला हा एक आकडा पुरे. पुढे त्याची दुरुस्ती गोपिकाबाईंनी केली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी, थोरल्या माधवरावांच्या आई. उतारवयात त्या शेजारच्या गंगापूरला राहत आणि १७८८ मध्ये नाशिकलाच वारल्या.

इथे अस्थिविसर्जन चालते. गांधीजींच्या अस्थींचा अंश १९४८ मध्ये इथे विसर्जित झाला, म्हणून बाजूला गांधी तलाव आणि गांधी ज्योत. माणसे मुंडण करून, ओल्या कपड्यांत, नुकतेच कुणाला तरी पोचवून उभी असतात. त्यांचे फोटो काढू नका, आणि गाईडने त्यांच्याकडे बोट दाखवून बोलू नये असे त्याला हळूच सांगा. पाठीमागे पाच-दहा पावले सरकून उभे राहिले की ऐकताही येते आणि कुणाच्या दुःखात पायही पडत नाही.

'कुठून आलात? आडनाव काय? मूळ गाव?' हा प्रश्न इथे हमखास येतो. नवखा माणूस फसवणूक समजून मान फिरवतो. प्रश्नामागे वह्या आहेत. तीर्थपुरोहितांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात, आडनाव आणि गाव यांनुसार लावलेल्या लांबट वह्या. आजोबा कधी आले, सोबत कोण होते, कुणाचे कार्य केले, खाली सही, आणि सही येत नसेल तर अंगठा. तुमचे घराणे त्यात सापडले तर ती या फेरीतली सर्वांत किमती दहा मिनिटे ठरतील. तीनशे वर्षांच्या देवळापेक्षा पणजोबांची मोडीतली सही माणसाला जागच्या जागी थांबवते. पद्धत अशी : मूळ गाव, तालुका, आडनाव आणि तीन पिढ्यांची नावे कागदावर लिहून न्या. विधी करायचा नाही, फक्त नोंद बघायची आहे, हे आधी स्पष्ट सांगा, दक्षिणा काय द्यायची तेही आधीच विचारा, आणि हे काम फेरीच्या शेवटी ठेवा. मध्येच बसलात तर गट ताटकळतो.

कुंडाच्या तळाबद्दल गाईडला जरूर विचारा. या पात्रात पूर्वी बरीच कुंडे होती, काहींना जिवंत झरे होते. अलीकडच्या दशकांत तळावर काँक्रीट पडले आणि कुंडे दिसेनाशी झाली. मग ते काढण्यासाठी मागण्या झाल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि काही ठिकाणी काँक्रीट फोडलेही. नदीकाठचा इतिहास १८१८ ला, पेशवाईबरोबर संपवणारे गाईड हा भाग गाळतात.

जवळच गंगा-गोदावरीचे मंदिर आहे. बारा वर्षांतून एकदा, सिंहस्थात उघडते. इतर वेळी बंद दार बघून पुढे जायचे.

कपालेश्वर आणि काळाराम

कपालेश्वर रामकुंडासमोर उंचावर, पन्नासेक पायऱ्या. महादेवासमोर नंदी नाही, एवढी एकच गोष्ट सांगून बहुतेक गाईड खाली उतरतात. ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्यासाठी रामकुंडात स्नान कर, असे नंदीनेच महादेवाला सुचवले, म्हणून तो गुरू आणि म्हणून समोर बसत नाही, ही कथा. गुडघे दुखत असतील त्यांनी खालीच थांबावे, नुकसान नाही. पण चढलात तर वळून नदीकडे बघा. पुलावरून पाहिलेले वळण इथून उलट बाजूने दिसते.

तिथून गल्ल्यांतून काळारामापर्यंत दहा मिनिटे. इथे चाळीस मिनिटे काढा आणि त्यासाठी सीतागुंफा सोडावी लागली तर सोडा. गुंफेची रांग तासभर खाते, आत वाकून जावे लागते, आणि इतिहास म्हणून हाती काही येत नाही.

देवळाचे काम सरदार रंगराव ओढेकर यांनी १७८२ च्या सुमारास हाती घेतले. काही ठिकाणी १७८२, काही ठिकाणी १७९० किंवा त्यापुढचे साल दिसते. हा घोळ नव्हे. काम दहा-बारा वर्षे चालले, कुणी सुरुवातीचे साल धरतो, कुणी शेवटचे. दगड रामशेजच्या डोंगराचा. भोवती ओवऱ्या आणि भिंत, आणि भिंतीला चार दरवाजे. हे चार दरवाजे नीट मोजून घ्या, कारण पुढची गोष्ट त्यांच्याशी आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली. दारे बंद झाली. पहिल्या तुकडीतले १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया चारही दरवाज्यांसमोर बसल्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. लढा चार-पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. गाईडला ही हकीकत देवळाच्या आत नव्हे, दरवाज्याबाहेर, सत्याग्रही बसले त्या बाजूला उभे राहून सांगायला सांगा. उंबऱ्याची उंची, रस्त्याची रुंदी आणि दाराची जाडी डोळ्यांसमोर असली की 'प्रवेश नाकारला' या दोन शब्दांना आकार येतो. मग आत जा. गाभाऱ्याचे फोटो घेऊ नका, ओवऱ्यांत बसून पाणी प्या.

नारोशंकर, दुतोंड्या आणि सांडवे

परत नदीवर उतरा. नारोशंकराचे देऊळ १७४७ चे, बांधणारे नारोशंकर राजेबहादूर. मालेगावचा भुईकोट किल्लाही त्यांचाच. शिखर आधी लांबून पाहा, मग जोत्याजवळ या आणि प्राण्यांच्या, माणसांच्या लहान आकृती शोधा. सुंदरनारायणावर तयार झालेला डोळा इथे वापरा : नदीकडची बाजू आणि मागची, पंचवटीकडची बाजू यांत झीज सारखी आहे का?

दर्शनी तटावर घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी विजयाची खूण म्हणून आपापल्या देवळांत नेल्या. ही त्यांतलीच. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर अशीच दुसरी आहे, तिच्यावर १७०७ साल आणि मेरीची प्रतिमा दिसते. नारोशंकराची घंटा आता वाजवत नाहीत. घंटा पाहताना तिच्यापासून पाण्यापर्यंतची उभी उंची नजरेने मोजा. महापुरात पाणी कुठवर चढू शकते हे नाशिककर या देवळाच्या पायऱ्यांवरून आणि घंटेवरून सांगतात.

रोजचे माप मात्र खाली आहे, दुतोंड्या मारुती. दोन बाजूंना दोन तोंडे असलेली, नदीपात्राच्या कडेला उभी शेंदरी मूर्ती. पावसाळ्यात नाशिकमध्ये कुणी मीटर-फूट विचारत नाही. 'पाणी कुठवर आलं?' 'दुतोंड्याच्या कमरेला.' पायाला पाणी म्हणजे विसर्ग सुरू, कमरेला म्हणजे काठावरच्या टपऱ्या हलवा, गळ्याला म्हणजे भांडी बाजार आणि सराफ बाजारात माल वरच्या फळ्यांवर. डोके बुडाले की पूर. २००८, २०१६ आणि २०१९ ही साले जुन्या दुकानदारांना तोंडपाठ आहेत, आणि त्यांच्या वडिलांच्या तोंडी १९६९. मूर्तीशेजारी उभे राहून स्वतःची उंची तिच्याशी लावून बघा. मग समोरच्या काठावरची दुकाने बघा. पुढचा अर्धा तास या एका मापावर ऐकायचा आहे.

पात्रातले ठेंगणे दगडी बांध म्हणजे सांडवे. पूल नसताना उन्हाळ्यात पलीकडे जायची ती वाट, आणि अडलेल्या पाण्यात आंघोळीची सोय. होळकर, रास्ते, तळकुटे अशी बांधणाऱ्यांची नावे त्यांना चिकटलेली. कोरडे असतील तरी शेवाळ असते. फोटोसाठी त्यांवर चढू नका. गावाकडे रामसेतू पुलावरून जा, आणि पाणी चढलेले असेल तर परत होळकर पुलावरून.

गावाकडचा काठ

गावाकडे उतरल्यावर यशवंतराव महाराज पटांगण. देव मामलेदार म्हणून ओळखले जाणारे यशवंत महादेव भोसेकर, दुष्काळात सरकारी खजिना लोकांसाठी मोकळा करणारे, १८८७ मध्ये नाशिकला वारले. त्यांचे स्मारक इथे. मे महिन्यात याच पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. नदीकाठ म्हणजे फक्त देवाधर्माची जागा नव्हती, गावाची बैठकही होती, हे या मोकळ्या फरशीवर चांगले समजते.

इथून भांडी बाजार, कापडपेठ, सराफ बाजार. चढ आहे का ते पायांना विचारा. जवळजवळ नाही, आणि म्हणूनच पाणी सरळ आत येते. दुकानांची जोती मोजत चला. नदीजवळची चार-पाच पायऱ्यांची, वर सरकत गेलात की दोन-तीन. दहीपुलापाशी गाईडला थांबवा. 'पूल कुठे आहे?' असे विचारा. खालून सरस्वती नाला जातो, तो आता झाकलेला आहे. मोठ्या पावसात वरचे पाणी नाल्यात मावत नाही आणि नदी भरलेली असेल तर पुढे सरकतही नाही, मग ते रस्त्यावर उसळते. नाव पुलाचे उरले, पूल दिसत नाही, पाणी मात्र वाट विसरलेले नाही.

रंगपंचमीच्या सुमारास आलात तर रहाडी विचारा. पेशवेकाळापासूनचे रंगाचे हौद, तिवंधा, दिल्ली दरवाजा आणि पलीकडे शनी चौकात. वर्षातून एकदा उघडतात, बाकी वर्षभर बुजवलेल्या असतात आणि त्यांच्यावरून रिक्षा जातात. जागा दाखवणारा गाईड मुळात गल्लीतला असतो.

शेवट सरकारवाड्यात. पेशवेकालीन वाडा, लाकडी खांबांचा चौक, पुढे सरकारी कचेऱ्या, आणि १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचाही मुक्काम इथे होता. आता पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. सुट्टीचा वार आणि वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. बंद असेल तर बाहेरून दगडी जोते आणि वरचे लाकडी काम यांचा सांधा तरी पाहा.

काझीची गढी फेरीत घालायची का, हा गाईडचा आग्रह किंवा नकार ऐकून ठरवा. ती खाली, प्रवाहाच्या दिशेने आहे. तिच्या कडेवर लोक राहतात आणि पावसाळ्यात कडा ढासळतात. जून ते ऑक्टोबर जाऊ नका. इतर वेळी गेलात तर लांबूनच कडेचा काप बघा. मातीच्या थरांत खापऱ्या डोकावतात, त्या उपटून घेऊ नका.

हमखास चुकते ते

सालांची सरमिसळ होते, म्हणून प्रत्येक थांब्यावर वहीत चारच शब्द लिहा : कोणी, कधी, कशाच्या पैशाने, कशावरून. चौथा रकाना रिकामा राहिला तर गाईडला विचारा. 'शिलालेख', 'गॅझेटियर', 'दप्तरातला कागद' किंवा 'परंपरेने सांगतात' यांपैकी कोणतेही उत्तर चालेल. 'सगळ्यांना माहीत आहे' चालणार नाही.

थांबे वाढवण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो. आठच्या वर गेलात तर शेवटचे दोन कुणाच्याही लक्षात राहत नाहीत. तपोवन वेगळ्या दिवशी, पांडवलेणी वेगळ्या दिवशी.

वाटेत कुणी 'या, आत दर्शन घ्या' म्हणून गट ओढू लागला तर बोलण्याचे काम गाईडवर सोडा. मानधन शेवटी, सरकारवाड्यापाशी, ठरलेले तेवढे द्या. नामावळीसाठी रामकुंडावर परत जायचे असेल तर उन्हात चालत जाऊ नका, सराफ बाजाराच्या तोंडाशी रिक्षा मिळते. 'गंगेवर' एवढे सांगितले की पुरे.